शोधनिबंध कुठे छापायचा? पाटोद्याहून घेतलेला आढावा

मांजरा नदी पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगम पावते आणि सातशेहून अधिक किलोमीटर वाहत जाऊन गोदावरीला मिळते. नदी इथली असली तरी तालुक्याला पाणी पुरत नाही. कोरडवाहू शेती, वारंवार पडणारा दुष्काळ आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या वाटेला लागणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्या यांमुळे हा सगळा परिसर अभ्यासकांच्या परिचयाचा झाला आहे. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यानंतर आरोग्य, श्रम आणि स्त्रीअभ्यास या क्षेत्रांतल्या देशी-परदेशी पत्रिकांत या विषयावर लेखन झाले आणि ते प्रामुख्याने मोठ्या शहरांतल्या संस्थांमधून झाले.

याच तालुक्याच्या गावी महाविद्यालय आहे. तिथे अर्थशास्त्र, समाजशास्त्र, वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्यांच्या वर्गात त्याच ऊसतोड कुटुंबांतली मुले-मुली बसतात. टोळी कधी उठते, उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती घेतली, कोयता म्हणजे ऊस तोडणारे जोडपे कोणाच्या नावावर लागले, हे सांगणारी माणसे प्राध्यापकाच्या ओळखीची असतात. शोधनिबंध त्यालाही छापावे लागतात. असे असूनही ज्या पत्रिकांत त्याचा तालुका विषय म्हणून येतो, त्यांत तो लेखक म्हणून क्वचितच दिसतो. गेल्या पंधरा वर्षांत भारतात संशोधन-प्रकाशनावर जो वाद झाला, त्याचा बराच भाग चांगल्या पत्रिका कोणत्या आणि बोगस कोणत्या, या एका मुद्द्याभोवती फिरला. या लेखात तो वाद सांगायचा आहे आणि पाटोद्यासारख्या ठिकाणाहून पाहिल्यावर त्यात काय सुटून जाते, तेही नोंदवायचे आहे.

पत्रिकांचा जुना व्यवहार

संशोधन पत्रिकेची सुरुवात १६६५ची. त्या वर्षी जानेवारीत पॅरिसमध्ये आणि मार्चमध्ये लंडनमध्ये अशी नियतकालिके निघाली. लंडनचे ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हेन्री ओल्डेनबर्ग यांनी सुरू केले. निबंध छापण्यापूर्वी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेण्याची आजची पद्धत मात्र बरीच अलीकडची आहे. ‘नेचर’सारख्या साप्ताहिकातही ती सक्तीची झाली ती १९७३ मध्ये.

आपल्याकडे ‘इंडियन अँटिक्वरी’ १८७२ मध्ये मुंबईत सुरू झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवरचा आपला निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. पुढच्याच वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापून आला. आधी जाणकारांपुढे वाचन, मग त्यांच्या प्रश्नांना उत्तरे आणि नंतर छपाई, असा तो क्रम होता. आज बीड जिल्ह्यातली महाविद्यालये ज्या विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याला त्यांचेच नाव आहे, म्हणून हा क्रम इथे लक्षात घ्यावासा वाटतो.

पुण्यात राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही पाक्षिक सभांमध्ये टिपणे वाचली जात, त्यांवर चर्चा होई आणि मग ती मंडळाच्या इतिवृत्तांत छापली जात. त्रैमासिक १९२० मध्ये आले. गावोगावचे वकील, शिक्षक, कारकून आपल्याकडचे दप्तर किंवा शिलालेखाचा ठसा मंडळाकडे पाठवत. त्यांच्याकडे पदव्या असतच असे नाही. भांडारकर संस्थेचे ‘अ‍ॅनल्स’, प्रियोळकरांची ‘मराठी संशोधन पत्रिका’, वाईचे ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, गोखले संस्थेचे ‘अर्थविज्ञान’ आणि मुंबईचे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ यांनी पुढे ही परंपरा आपापल्या परीने चालवली. यांतल्या मराठी पत्रिकांत गुण मिळावेत म्हणून कोणी लिहीत नव्हते, कारण गुण देणारी व्यवस्थाच तेव्हा नव्हती.

त्या काळात सगळे आलबेल होते, असेही नाही. द. रा. कापरेकर हे देवळालीचे शाळामास्तर. ६१७४ या संख्येचा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये शोधला. त्यांचे बरेचसे काम त्यांनी स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिकांतून आणि फारशी प्रतिष्ठा नसलेल्या नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. देशातल्या अनेक गणितज्ञांनी त्यांना गांभीर्याने घेतले नाही. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे जगाला ते माहीत झाले. याच्या उलट दामोदर धर्मानंद कोसंबी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले नामांकित गणिती, इतिहासकार म्हणून त्याहून मोठे. १९५९ मध्ये त्यांनी रीमान गृहीतक सिद्ध केल्याचा दावा करणारा निबंध कृषी-सांख्यिकीच्या एका भारतीय नियतकालिकात छापला. ती सिद्धता टिकली नाही आणि गणिती म्हणून त्यांच्या नावाला धक्का बसला. ज्या नियतकालिकाकडे तो विषय तपासणारे परीक्षक असण्याची शक्यता नव्हती, तिथे निबंध गेला होता. कापरेकरांना वाचणारा वेळेवर भेटला नाही आणि कोसंबींना अडवणारा भेटला नाही. पत्रिकेचे काम काय असते, हे या दोन उदाहरणांतून जितके कळते तितके कुठल्याही नियमावलीतून कळत नाही.

गुण आले, दुकाने आली

यूजीन गारफिल्ड यांनी १९६४ मध्ये विज्ञानाची उद्धरण-सूची काढली. तिच्यातून पुढे आलेला इम्पॅक्ट फॅक्टर ग्रंथालयांना पत्रिका निवडताना उपयोगी पडत असे. हळूहळू तो माणसे निवडण्यासाठी वापरला जाऊ लागला. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत एपीआय ही गुणपद्धती आणली आणि महाविद्यालयीन शिक्षकांच्या नेमणुका व बढत्या तिच्याशी जोडल्या. त्याआधी, २००९ च्या पीएचडी नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी परीक्षित पत्रिकेत एक निबंध छापण्याची अट घातली होती. नॅकच्या मूल्यांकनातही दर शिक्षकामागे किती निबंध छापले, याची मोजणी सुरू झाली.

परिणाम तालुक्या-तालुक्यात दिसला. एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्रे भरू लागली. नोंदणी शुल्कातच निबंधाच्या छपाईचे पैसे धरले जाऊ लागले आणि चर्चासत्राच्या दिवशीच जाडजूड विशेषांक हाती पडू लागला. मुखपृष्ठावर आयएसएसएन क्रमांक ठळक असे. वास्तविक तो क्रमांक म्हणजे नियतकालिकाची केवळ ओळख. गुणवत्तेशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरीही मुलाखतीच्या फाइलमध्ये तो प्रमाणपत्रासारखा चालला. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या सेट-नेट झालेल्या तरुणांनी पदरचे पैसे घालून असे ‘पेपर टाकले’. त्यांतले कित्येक जण मनापासून अभ्यास करणारे होते. त्यांच्या निबंधावर चार ओळींचा अभिप्राय द्यायला कोणी बसले नाही, ही यातली खरी हानी आहे आणि तिची नोंद कुठल्याच अहवालात झाली नाही.

जागतिक पातळीवर याच सुमारास पैसे घेऊन तपासणीविना छापणाऱ्या ‘प्रीडेटरी’ पत्रिकांची चर्चा जोरात होती. कोलोरॅडोतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी अशा प्रकाशकांची यादी ठेवली. ती २०१७ च्या जानेवारीत बंद झाली. जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम चुका पेरलेला निबंध मुक्त प्रवेशाच्या ३०४ पत्रिकांना पाठवला आणि १५७ पत्रिकांनी तो स्वीकारला, हे २०१३ मध्ये ‘सायन्स’ने छापले. शेन आणि ब्यर्क यांच्या २०१५ च्या अभ्यासानुसार अशा पत्रिकांतल्या निबंधांची संख्या २०१० मध्ये ५३ हजार होती, ती २०१४ मध्ये ४ लाख २० हजारांवर गेली. लेखकांपैकी सुमारे ३५ टक्के आणि प्रकाशकांपैकी सुमारे २७ टक्के भारतातले निघाले. हैदराबादच्या ओमिक्स समूहाला अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला.

यादी केली, यादी मोडली

आयोगाने २०१७ मध्ये ‘मान्यताप्राप्त’ पत्रिकांची यादी जाहीर केली. तीत तीस हजारांहून अधिक नावे होती आणि त्यांतली काही हजार विद्यापीठांनी सुचवलेली होती. या भागाची तपासणी पुण्यात झाली. भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या ५,६९९ पत्रिकांपैकी १,३३६ यादृच्छिक पद्धतीने निवडल्या. मान्य सूचींमध्ये आधीच असलेल्या वगळल्यावर १,००९ उरल्या. त्यांतल्या ३४.५ टक्के पत्रिका पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे अशा प्राथमिक कसोटीलाच उतरल्या नाहीत. आणखी ५२.३ टक्के पत्रिकांनी आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टर यांविषयी खोटी माहिती दिली होती किंवा त्यांचे संपादक त्या योग्यतेचे नव्हते. हा अभ्यास २०१८ च्या मार्चमध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला आणि मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या.

त्यानंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये आयोगाच्या (यूजीसीच्या) ‘यूजीसी-केअर’ या पत्रिका तपासणाऱ्या व्यवस्थेची घोषणा झाली. तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या केंद्रातून चाले. केअर लिस्ट जून २०१९ पासून उपलब्ध झाली. थोड्याच काळात नवा प्रकार सुरू झाला. यादीतल्या जुन्या, साध्यासुध्या पत्रिकेच्या नावाने हुबेहूब बनावट संकेतस्थळे उभी राहिली आणि पैसे गोळा करू लागली. केअरला अशा ‘क्लोन’ पत्रिकांचीही वेगळी यादी ठेवावी लागली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी आयोगाने केअर लिस्ट बंद करण्याचा निर्णय घेतला आणि तो फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाला. आता यादीऐवजी मार्गदर्शक निकष आहेत. त्यांच्या आधारे प्रत्येक संस्थेने स्वतःची पद्धत ठरवायची आहे.

कोण काय म्हणते

पहिली भूमिका यादीच्या बाजूची. तिचे म्हणणे असे की, ज्याच्या गावात विषयाचा दुसरा जाणकार नाही, त्याला निदान कुठे जाऊ नये हे तरी कुणी सांगितले पाहिजे. मुंबई-पुण्यातल्या संशोधकाला गाईड, मित्र, सहकारी सावध करतात. तालुक्यातल्या शिक्षकाला ती सोय नाही, त्याला यादीचाच आधार होता. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि यादी बंद झाल्याची झळ सर्वांत जास्त त्यालाच लागणार आहे.

दुसरी भूमिका यादीच्या विरोधातली. एका केंद्राने हजारो पत्रिकांवर लक्ष ठेवणे अशक्य आहे. नवी, प्रामाणिक पत्रिका यादीत यायला वर्षे लागतात आणि यादीत आलेली पत्रिका उद्या बिघडली तर कळत नाही. शिवाय यादीत नाव असले की निबंध वाचण्याची गरज संपते. निवड समितीने निबंध उघडून वाचावा, पत्रिकेचे नाव पाहून गुण देऊ नयेत, असे या मंडळींचे म्हणणे. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ मध्ये तयार झालेल्या ‘डोरा’ घोषणापत्राचाही रोख हाच आहे.

तिसरी भूमिका मुळावर बोट ठेवते. महाविद्यालयातल्या शिक्षकाचे पहिले काम शिकवणे असताना त्याला निबंध छापण्याची सक्ती कशासाठी? आयोग या बाजूला काहीसा झुकल्याचे दिसते. २०१८ च्या नियमावलीने एपीआय काढली. २०२२ च्या पीएचडी नियमांतून निबंधाची सक्तीही गेली. त्या वेळी आयोगाच्या अध्यक्षांनी सांगितलेल्या पाहणीत, सक्ती असूनही सुमारे तीन-चतुर्थांश निबंध स्कोपस या उद्धरण-सूचीतल्या पत्रिकांत नव्हते. सक्ती संपूर्ण गेली मात्र नाही. महाविद्यालयात प्रोफेसर व्हायचे तर किमान १० निबंध आणि ११० संशोधन गुण लागतात. २०१८ च्या तक्त्यात विज्ञानातल्या निबंधाला ८ आणि कला, वाणिज्य, मानव्यविद्येतल्या निबंधाला १० गुण आहेत, आणि इम्पॅक्ट फॅक्टर असेल तर वर जादा गुण.

सक्ती हटवण्याविरुद्धचा मुद्दाही ऐकला पाहिजे. ‘तालुक्याच्या कॉलेजने फक्त शिकवावे’ असे धोरण झाले, तर प्रयोगशाळा, प्रवासखर्च, ग्रंथालय यांसाठीचा तुटपुंजा निधीही आटेल आणि संशोधन ही मोठ्या शहरांची मक्तेदारी होईल. पाटोद्याच्या शिवारातले सीताफळ, मांजरेच्या उगमाकडची ओढे-नाल्यांची स्थिती, टोळीतल्या मुलांची शाळागळती यांचा सातत्याने अभ्यास करू शकेल असा माणूस तिथेच राहणारा असतो. हा मुद्दा मला तिसऱ्या भूमिकेपेक्षा वजनदार वाटतो.

वाचायला काय मिळते आणि छापायला किती लागते

चांगला निबंध लिहायचा तर आधीचे निबंध वाचावे लागतात. महाविद्यालयांसाठी इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट सेवा आहे, पण तिचा आवाका मोठ्या विद्यापीठांच्या वर्गण्यांच्या मानाने मर्यादित. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक देश, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार पत्रिका आणि ६,३०० हून अधिक संस्था, असा तिचा विस्तार. ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखलेली आहे. मराठवाड्यातली बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षण संस्थांची, सरकारी अनुदानावर चालणारी किंवा विनाअनुदानित आहेत. त्यामुळे योजनेचा पुढचा टप्पा कसा आखला जातो, यावर तालुक्यातल्या वाचकाचे बरेच काही अवलंबून आहे.

मुक्त प्रवेशाचा विचार २००२ च्या बुडापेस्ट घोषणेपासून चालत आला. वाचकाला फुकट हे तत्त्व चांगले, पण अनेक प्रकाशकांनी तो खर्च लेखकाकडे वळवला. ‘नेचर’ने २०२० मध्ये एका निबंधासाठी ९,५०० युरोचा दर जाहीर केला. दुसऱ्या टोकाला हजार-दोन हजार रुपयांत आठवडाभरात ‘स्वीकृती’ पाठवणाऱ्या पत्रिका आहेत. या दोहोंच्या मध्ये लेखक आणि वाचक दोघांकडूनही पैसे न घेणाऱ्या पत्रिका असतात. विद्यापीठे, विद्वत्संस्था, परिषदा त्या चालवतात. मराठीतल्या जुन्या संशोधन पत्रिकांपैकी बऱ्याच वर्गणीच्या किरकोळ रकमेवर आणि संपादकांच्या विनामोबदला कष्टांवर याच रीतीने चालल्या.

मराठीत छापलेल्याचे मोल

केअर बंद करण्याचा निर्णय झाला, त्याच दिवशी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. संशोधनाची भाषा म्हणून मराठीचे स्थान मात्र अवघड झाले आहे. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सूचींत मराठी नियतकालिके जवळजवळ नाहीत. केअर लिस्टने भारतीय भाषांतल्या पत्रिकांना जागा दिली होती, ती औपचारिक ओळखही आता राहिलेली नाही.

इंग्रजीच्या बाजूने युक्तिवाद असा की, ऊसतोडीवरचा निबंध ब्राझीलच्या अभ्यासकाने वाचावा असे वाटत असेल तर तो इंग्रजीतच हवा. मराठीच्या बाजूने असे सांगतात की, ज्या मुकादमांविषयी, ज्या बायांविषयी तो निबंध आहे, त्यांच्या मुलांना, तालुक्याच्या तहसीलदाराला, पंचायत समितीला तो मराठीतच वाचता येईल. दोन्ही बरोबर आहेत. अडचण अशी की गुणांच्या तक्त्यात पहिल्या वाचकाला किंमत आहे आणि दुसऱ्याला नाही. त्यामुळे मराठीत विचार करणारा प्राध्यापक कच्च्या इंग्रजीत लिहितो, आता यंत्राकडून भाषांतर करून घेतो, आणि त्याच्या निरीक्षणातला नेमकेपणा वाटेत सांडतो. टोळी, उचल, कोयता, मुकादम यांच्यामागचे व्यवहार शहरातून आलेल्या अभ्यासकाला समजून घ्यायला महिने लागतात. ते ज्याला जन्मापासून ठाऊक आहेत, त्याला ते परक्या भाषेत मांडताना खालच्या पायरीवर उभे राहावे लागते. याचे मला फार वाईट वाटते.

मराठी पत्रिकांनीही स्वतःकडे पाहायला हवे. अनेकींत परीक्षकांची पद्धत लेखी नाही, मागचे अंक संगणकावर मिळत नाहीत, निबंधाला कायमचा डिजिटल ओळखक्रमांक नसतो. त्यामुळे त्यांतले उत्तम कामही पुढच्या संशोधकाच्या हाती लागत नाही.

काय बाकी आहे

यादी गेल्यावर निकष लावायचे कोणी, हा पहिला प्रश्न. पाच-सात विभागांच्या महाविद्यालयात एका विषयाला एक-दोन शिक्षक असतात. त्यांच्या निबंधाची पत्रिका तपासणारी समिती त्याच महाविद्यालयातली असेल, तर तिला विषयही कळणार नाही आणि सहकाऱ्याला ‘नाही’ म्हणणेही जड जाईल. विद्यापीठ पातळीवर विषयवार समित्या नेमता येतील. अभ्यास मंडळे आहेतच.

चुकीच्या निबंधांचे काय, हा दुसरा प्रश्न. जगभर २०२३ मध्ये दहा हजारांहून अधिक निबंध मागे घेतले गेले. त्यांतले आठ हजारांहून अधिक हिंदावी या एकाच प्रकाशनसमूहाचे होते. निबंध मागे घेतल्याची नोंद स्कोपसच्या जगात राहते. विशेषांकांतून छापलेले हजारो मराठी-हिंदी निबंध मात्र कोणी मागे घेत नाही, कारण ते कोणी वाचलेलेच नसतात. सारखेपणा तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची पकडही देवनागरी मजकुरावर इंग्रजीइतकी घट्ट नाही. २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनी दहा टक्क्यांची मर्यादा घातली. मराठी प्रबंधांना ती लावताना या कमकुवत तपासणीचाही विचार करावा लागेल.

तिसरा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न परीक्षकांचा. सक्ती ठेवा किंवा काढा, यादी करा किंवा मोडा, पाटोद्यातल्या निबंधाला वाचून, समासात प्रश्न लिहून, ‘ही आकडेवारी कुठून घेतली, हा निष्कर्ष कसा निघाला’ असे विचारणारा दुसरा माणूस कुठून येणार? विद्यापीठाच्या विभागांनी संलग्न महाविद्यालयांतल्या शिक्षकांचे मसुदे छापण्यापूर्वी वाचण्याची जबाबदारी घ्यावी. त्यासाठी त्यांच्या कामाच्या तासांत तशी तरतूद व्हावी. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पाक्षिक सभांसारखी मसुदावाचने जिल्ह्याच्या ठिकाणी, बीडला किंवा अंबाजोगाईला, नियमित भरावीत. या कामाला आज कुठल्याही तक्त्यात एकही गुण नाही. २०१८ च्या नियमावलीत निबंध लिहिणाऱ्याला ८ किंवा १० गुण आहेत, दुसऱ्याचा निबंध तपासून सुधारून देणाऱ्याच्या वाट्याला काही नाही. आयोगाची पुढची नियमावली येईल तेव्हा हा रकाना भरला जातो की रिकामा राहतो, ते पाहावे लागेल.